दसऱ्यानंतरचा शनिवार

शुक्रवारी संध्याकाळी साडेचारच्या सुमारास ग्राउंडवाले मामा सायकलच्या कॅरिअरला मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीची गोणी बांधून यायचे आणि फाटकातूनच ओरडायचे, "सर, टेप आणली का हो?" टेप बहुतेक वेळा माझ्या घरी कपाटावर राहिलेली असायची. मग एखाद्या पोराला मोटारसायकलवर पिटाळायचं आणि तो येईपर्यंत आम्ही दोघं लिंबाखाली बसून मैदानाकडे बघत राहायचो. दसरा उलटला की येणारा पहिला शनिवार-रविवार हा आमच्या कॉलेजच्या बेसबॉलचा मुहूर्त. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सव्वीस वर्षं हा खेळ शिकवला.

हो, बेसबॉलच. क्रिकेट लिहायचं होतं आणि हात चुकला, असं नाही. आमच्याकडे शाळाशाळांतून सॉफ्टबॉल चांगला रुजलाय. तीच पोरं कॉलेजात आली की त्यांच्या हातात बेसबॉल येतो. तरी मैदानाशेजारून जाणारा माणूस दर वर्षी सायकल थांबवून विचारणारच, "काय रे भो, हे कोणतं क्रिकेट?" सुरुवातीला मी थांबून नीट समजावून सांगायचो. नंतर नंतर "अमेरिकेतलं" एवढंच सांगून फक्की टाकायला लागायचो.

आखणीचं काम मला सामन्यापेक्षा जास्त आवडायचं. होम प्लेटची, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या पट्टीची, जागा ठरलेली, लिंबापासून बारा पावलांवर. तिथे खुंटी ठोकायची आणि टेप सरळ ताणत न्यायची एकशे सत्तावीस फूट सव्वातीन इंचांच्या किंचित पुढे. तो सेकंड बेस, म्हणजे रनरने पळत गाठायचा दुसरा थांबा. मग होमपासून नव्वद फूट आणि सेकंडपासून नव्वद फूट अशा दोन दोऱ्या ताणल्या की त्या जिथे भेटतील तिथे एका बाजूला फर्स्ट, दुसऱ्या बाजूला थर्ड. नव्वद फुटी चौकोनाचा कर्ण काढायचा, दुसरं काही नाही. पण पहिल्या वर्षी मी आधी फर्स्ट आखला, मग अंदाजाने काटकोन धरला, आणि थर्ड बेस जाऊन बसला कबड्डीच्या मैदानात. गणिताचे एक प्राध्यापक संध्याकाळी चालायला यायचे. ते थांबले, बघितलं आणि म्हणाले, "सर, पायथागोरस शाळेतच असतो." त्या दिवसापासून ते आमचे कायमचे अंपायर. 'स्ट्राइक' (पट्टीवरून आलेला किंवा हुकलेला चेंडू) आणि 'बॉल' (बाहेरून गेलेला) ते हजेरी घेतल्यासारखं पुकारायचे, आणि निर्णयावर कुणी कुरकुर केली की त्याला नावाऐवजी रोल नंबराने हाक मारायचे.

पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, पट्टी होमपासून साठ फूट सहा इंचांवर. चौकोनाचा मध्य तिथून आणखी तीन फूट पुढे असतो. "सर, हे मधोमध नाही" असं सांगणारा एक तरी पोरगा दर वर्षी निघतो, आणि तो पोरगा मी लक्षात ठेवतो. होम प्लेट आम्ही जुन्या रबरी पट्ट्यातून कापली होती, सतरा इंच रुंद, पाच बाजूंची. बेस म्हणजे कॅनव्हासच्या पिशव्या, त्यांत वाळू. मैदानाची दिशा मात्र साफ चुकलेली. बॅटरची पाठ मावळतीकडे हवी, आमच्या बॅटरचं तोंड मावळतीकडे. तिकडून मैदान फिरवायचं तर आड भिंत. त्यामुळे सकाळी ऊन फिल्डरच्या डोळ्यांत आणि संध्याकाळी बॅटरच्या. दोघांवर सारखाच अन्याय, म्हणून कुणाची तक्रार नसे.

त्याआधी खंडेनवमीला जिमखान्यात पूजा झालेली असायची. सतरंजीवर ॲल्युमिनियमच्या बॅटा, बॅटरमागे बसणाऱ्या कॅचरचा मास्क, छातीचं पॅड, ग्लोव्ह असं सगळं मांडून झेंडूच्या माळा. मास्कच्या जाळीत कुणीतरी आपट्याचं पान खोचायचं. एका वर्षी मामांनी भक्तिभावाने नव्या कोऱ्या डझनभर चेंडूंना हळद-कुंकवाची बोटं लावली. चामडं पांढरं, लाल दोऱ्याचे एकशे आठ दुहेरी टाके, आणि मधोमध पिवळा ठिपका. धुऊन निघेना. अंपायर सरांनी चेंडू बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाले, "चालेल. नियमात हळदीबद्दल काही नाही." तो सगळा सीझन आम्ही पिवळ्या ठिपक्याच्या चेंडूने सराव केला.

शनिवार नव्यांचा. पन्नास-साठ पोरं यायची आणि त्यातली निम्मी क्रिकेट खेळून आलेली. पोरींचा संघ सुरू झाल्यावर पोरीही येऊ लागल्या, आणि ग्लोव्ह कुठल्या हातात घालायचा हे त्यांना एकदाच सांगावं लागायचं. पोरांना तीनदा. उजव्या हाताने फेकणारा पोरगा ग्लोव्हही उजव्याच हातात चढवतो, कारण झेल तो उजव्या हाताने घेतो. चेंडू पकडल्यावर त्याला कळतं की फेकायला हातच उरला नाही. मग तो ग्लोव्ह काढायला लागतो, तोवर रनर सेकंडला. चेंडू क्रिकेटच्या चेंडूहून थोडा हलका आणि किंचित मोठा. पहिल्यांदा हातात घेणारा प्रत्येक जण तो वर उडवून झेलतो आणि "सोपंय" असा चेहरा करतो.

खरी मजा बॅटची. क्रिकेटवाल्या पोराला बॅट टाकून पळणं म्हणजे चप्पल टाकून लग्नातून निघण्यासारखं वाटतं. मी पंचवीस वेळा सांगितलेलं असतं, "मारलं की बॅट टाकायची आणि पळायचं." तो मान डोलावतो. चेंडू लागतो, टण्ण आवाज येतो, आणि पठ्ठ्या बॅट काखेत मारून फर्स्ट बेसकडे धावत सुटतो. वर तिथे पोचल्यावर वाकून बॅट बेसला टेकवतो. सगळं मैदान हसतं. पण हसणाऱ्यांतल्या जुन्यांपैकी एकानेही आपल्या पहिल्या शनिवारी वेगळं काही केलेलं नसतं, ते मला माहीत आहे. वहीत लिहिलेलं आहे.

२००९ च्या शनिवारी गर्दी दुप्पट होती. आदल्या वर्षाच्या शेवटी उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन पोरांना पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं होतं. दोघं मूळचे भालाफेकवाले, बेसबॉल आधी कधी खेळलेलेच नव्हते. त्यामुळे आमच्याकडे तालुक्यातले झाडून सगळे भालाफेकवाले हजर. लांब फेक जबरदस्त, पण साठ फुटांवर सतरा इंचांची पट्टी काही सापडेना. एकाचा चेंडू लिंबात अडकला. त्यातले दोघे टिकले, बाकीचे महिनाभरात पुन्हा भाल्याकडे गेले. मला त्यात वाईट काही वाटलं नाही.

रविवारी सकाळी सातला आजी विरुद्ध माजी. माजी म्हणजे काय सांगू! खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून पोलिसात लागलेले, कुणी वायरमन, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, एक केळीचा व्यापारी, एकीचं गावात ब्यूटी पार्लर. पोटं सुटलेली, जर्सी आखूड झालेल्या. आणि दर वर्षी जिंकायचे तेच. आजी संघाला हे फार लागायचं. सरावात पळणारी पोरं आपली, दमसास आपला, तरी हरतो कसे? मला कारण दिसायचं. माजींना चेंडू आपल्याकडे यायच्या आधीच माहीत असायचं की तो कुठे फेकायचा. सहाकडून चारकडे, चारकडून तीनकडे, म्हणजे शॉर्टस्टॉप, सेकंड, फर्स्ट. दोन आउट, आणि त्यातल्या कुणीही धावलेलं नसायचं. आमची पोरं चेंडू पकडून मग विचार करायची. काही सहकाऱ्यांचं म्हणणं असे, सुरुवातीलाच हरवून पोरांचा हिरमोड कशाला करता? मला ते कधीच पटलं नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत हरण्यापेक्षा आपल्याच दादा-ताईंकडून हरलेलं बरं. इथे हरलं की निदान जेवायला मिळतं.

पण एक रविवार माझ्याच चुकीने गेला. शेवटची इनिंग, आम्ही एका रनने मागे, दोन आउट. सेकंडवर आमचा पहिल्या वर्षाचा एक पोरगा, तापीकाठच्या खेड्यातला, पळायला हरणासारखा. बॅटरने लेफ्ट फिल्डला चेंडू काढला. मी थर्ड बेसशेजारच्या चौकटीत उभा. रनरने चेंडूकडे बघायचं नसतं, थर्डजवळच्या कोचकडे बघायचं. दोन्ही हात वर म्हणजे थांब, हात गरागरा फिरला म्हणजे घर, म्हणजे होम प्लेट, गाठ. लेफ्टला आमचा वायरमन होता. आठ दिवसांपूर्वीच तो मला खांदा दुखतो म्हणून सांगून गेला होता. मी तेवढं धरून हात फिरवला. पोरगा वळणावर जराही न थबकता सुटला. आणि वायरमनचा थ्रो आला, एक टप्पा, थेट कॅचरच्या ग्लोव्हमध्ये. पोरगा सूर मारायच्या आधी दोन पावलं आउट.

मैदानात माजींचा जल्लोष. पोरगा काळ्या मातीत तसाच बसून राहिला. मी त्याच्याजवळ गेलो तर म्हणाला, "सर, थर्डच्या आधीच वाटलं होतं की थांबावं. पण तुमचा हात फिरत होता."

त्यावर काय बोलणार? वायरमन मागून येऊन म्हणाला, "सर, खांदा तुमच्या गोळीने बरा झाला." गोळी मीच दिली होती.

त्या रात्री मी वहीत आउट लिहिलं आणि पुढे कंसात माझं नाव. स्कोअरबुकात तशी सोय नसते, पण वही माझीच होती. तो पोरगा पुढे तीन वर्षं खेळला. दर वर्षी थर्डकडे येताना माझ्या हाताकडे बघायचा, आणि मला प्रत्येक वेळी पोटात गोळा यायचा.

सामना संपला की भरीत. दसरा उशिरा आला तर बामणोदकडची हिरवी, लांबट वांगी बाजारात आलेली असतात. मामांनी तुरीच्या काड्या जपून ठेवलेल्या. देठासकट वांगी त्या जाळात काळी होईस्तोवर भाजायची, साल काढून लाकडी मुसळीने ठेचायची, वर मिरची-लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी. दसरा लवकर आला की वांगी नसतात, मग शेवभाजी. शेवभाजीच्या वर्षी माजींची संख्या कमी असते असं माझं निरीक्षण आहे. ते कारण बदलीचं सांगतात.

२०२३ चं भरीत लक्षात आहे. त्याआधी दोनच आठवड्यांपूर्वी मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक झाली होती. २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी क्रिकेट घेतलं आणि त्याच ठरावात बेसबॉल-सॉफ्टबॉलही परत घेतलं. पेपरात पानभर क्रिकेट. आमचं नाव आत, स्क्वॉशच्या आसपास. एका पोरीने ती ओळ पेनाने अधोरेखित करून कात्रण जिमखान्याच्या काचेला चिकटवलं होतं. पंक्तीत विषय निघाला तेव्हा केळीवाला म्हणाला, "म्हणजे मागच्या दारानं का होईना, आत आलो." सगळे हसले. कात्रण लावणारी हसली नाही. ती भाकरी मोडत म्हणाली, "दादा, आपण टोकियोतपण होतो. पॅरिसला काढलं." तिचं बरोबर होतं. मी तिला आणखी भरीत वाढलं.

मैदानाच्या राइट फिल्डपलीकडे कपाशीचं शेत आहे. आमचे मुहूर्ताचे दिवस आणि कापूस फुटायचे दिवस एकच. त्यामुळे तिकडे गेलेला चेंडू म्हणजे गेलाच. पांढऱ्या बोंडांत पांढरा चेंडू, दहा जणांनी ओळीने शोधला तरी दिसत नाही. पोरं हात हलवत परत येतात आणि मी नवा चेंडू काढून देतो, तोंडाने पैशांचा हिशोब करत. वेचणीला बाया आल्या की त्यांच्या हाताला चेंडू लागतात. ओटीत टाकून ठेवतात आणि संध्याकाळी फाटकाशी येऊन देतात.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या मुहूर्ताला मी पाहुणा म्हणून गेलो. थर्डच्या चौकटीत माझी जुनी विद्यार्थिनी उभी होती. माझे हात दोनदा आपोआप वर गेले, मग मी ते खिशात घातले. आजी हरले. वांगी होती. सोमवारी सकाळी मामांचा फोन आला, कापूसवाल्या मावशी आल्यात, तुम्हालाच विचारतात. गेलो. त्यांनी पदरातून तीन चेंडू काढून ओट्यावर ठेवले. "घ्या सर, तुमची बोंडं." दोन कालचे होते. तिसरा मातकट, शिवण उसवलेला, कडक झालेला. मी अंगठ्याने माती पुसली तर खाली पिवळा ठिपका.