शेगाव ते पंढरपूर पायी: आधी पाय सांभाळा

जवळपास 700 किलोमीटरची वाट. दम नंतर लागतो, आधी पाय जातात. बूट महिनाभर आधी घ्या, वापरून मऊ करा. एक नंबर मोठाच, कारण दुपारपर्यंत पाऊल सुजतं. फोड येतो तो घामानं ओल्या मोज्यानं. दर दोन तासांनी मोजे बदला, ओले पिशवीला बाहेरून टांगा, टाचेला व्हॅसलीन चोळा. फोड आलाच तर कातडी सोलू नका, चिघळतो. पाऊस झाला की काळ्या रानातला शॉर्टकट विसरा. चिखलाचे गोळे बुटाला चिकटून पाय उचलत नाही. उन्हात नुसतं पाणी पुरत नाही: लिटरभर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. छत्रीपेक्षा मेणकापडाची खोळ बरी, हात मोकळे राहतात.