माझा अनुभव: मॅन्युअल टर्बो गाडीत 6000 आरपीएमला गिअर बदलताना

फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी मॅन्युअल घेतली तेव्हा घरापासून ऑफिसपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न, एवढे पैसे घालून ऑटोमॅटिक काहून नाही घेतली. त्यांचं एका अर्थी बरोबर आहे, डीएसजीमध्ये, म्हणजे या गाडीच्या ऑटोमॅटिकमध्ये, तुम्ही चुकीचा गिअर मागितला तर गिअरबॉक्स देतच नाही, मॅन्युअलमध्ये नाही म्हणणारं कोणीच नाही. माझी गाडी पूर्ण स्टॉक म्हणजे कंपनीतून आली तशीच आहे, रिमॅप (पॉवर वाढवायला कॉम्प्युटरमध्ये केलेला बदल) नाही, क्लच कंपनीचाच, आणि तशीच ठेवायची आहे. नागपुरात धरमपेठ ते सीताबर्डी करताना आरपीएमचा (इंजिनचे मिनिटाला फेरे) काटा 2500 च्या वर जातच नाही आणि तिथे गिअर कसाही टाका, गाडी माफ करते, पण 5500-6000 ला तो कसा टाकायचा हे मला नीट शिकायचं होतं आणि यूट्यूबवर जे दाखवतात ते बहुतेक करून गाडी फोडायचं ट्रेनिंग आहे.

आधी एक गैरसमज. लोक म्हणतात रेव्ह लिमिटर आहे ना, मग इंजिनला काय होतं. लिमिटर फक्त वर जाताना वाचवतो, म्हणजे तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवला तर तो पॉवर कापतो आणि काटा थांबतो. पण तिसऱ्यात 6000 ला आहात, चौथा टाकायला गेलात आणि पडला दुसरा, तर क्लच सुटला की चाकंच इंजिनला फिरवतात, कॉम्प्युटर तिथे काही करू शकत नाही. दोन गिअरमधला फरक साधारण दीडपट धरला तर इंजिन 9000 ला जातं. त्या स्पीडला व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा व्हॉल्व्ह वेळेवर बंद करू शकत नाहीत आणि पिस्टन येऊन त्यांच्यावर आदळतो. हिंगणा रोडला मी ज्या मिस्त्रीकाकांकडे जातो त्यांनी अशाच एका गाडीतून निघालेले वाकडे व्हॉल्व्ह डब्यात ठेवले आहेत, नवीन गिऱ्हाईक आलं की हातात देतात. मला म्हणाले, "तुम्ही आजकालचे पोट्टे गिअर टाकत नाही, गिअरले बुक्की मारता. जोर काहून लावतं? हात ढिला सोड, तो आपला आपण बीचात येते."

हे 'आपला आपण बीचात' म्हणजेच अर्धं शिक्षण. लिव्हर न्यूट्रलला सोडला की स्प्रिंग त्याला 3-4 च्या लाइनवर आणते. त्यामुळे दुसऱ्यातून तिसरा टाकताना तिरपं ओढायचं नाही, न्यूट्रलपर्यंत ढकलायचं, स्प्रिंगला क्षणभर तिचं काम करू द्यायचं आणि सरळ वर. तिसऱ्यातून चौथा म्हणजे नुसतं सरळ खाली, पण इथेच खरा धोका आहे कारण आपल्या गाड्यांत ड्रायव्हर उजवीकडे, म्हणजे 1-2 ची लाइन आपल्यापासून लांब, पॅसेंजरच्या बाजूला. काकांनी तळहात नॉबच्या डाव्या बाजूनं लावायला शिकवलं, म्हणजे जोर गेलाच तर आपल्याकडे जाईल. आपल्याकडे गेला तर चौथ्याऐवजी सहावा पडेल, गाडी मरगळेल, नुकसान काही नाही. पॅसेंजरकडे गेला तर दुसरा, आणि मग तुमचेही व्हॉल्व्ह त्या डब्यात. हे समजलं आणि मुठीत नॉब आवळून धरणं आपोआप सुटलं. आणि उजव्या वळणात अंग डावीकडे फेकलं जातं, हातही सोबत जातो, म्हणून वळणात 3 चा 4 करायचाच नाही, गाडी सरळ झाल्यावर करायचा.

सुरुवात इंजिन बंद ठेवून पार्किंगमध्ये केली, क्लच दाबून 2-3, 3-4, डोळे रस्त्यावर ठेवल्यासारखे समोर. शेजारच्या काकू बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत. तिथेच मॅटचा प्रकार लक्षात आला. कंपनीच्या मॅटवर आपण ती जाड रबरी मॅट टाकतो, ती क्लचच्या खाली येते आणि पेडल पूर्ण खाली जातच नाही, म्हणजे क्लच अर्धवटच दाबला जातो आणि जास्त आरपीएमला सगळा भार सिंक्रोवर (गिअरचा वेग जुळवणाऱ्या कड्यांवर) येतो. वरची मॅट काढली, सीट एवढी पुढे घेतली की क्लच तळाला टेकला तरी गुडघा थोडा वाकलेला राहील, आणि चपला बंद.

मग समृद्धी महामार्ग. नागपूरच्या टोकाला, पहाटे रिकामा असतो, कारची लिमिट 120. कोणत्याही गिअरमध्ये 3000 ला स्पीड किती ते बघून ठेवायचं, दुप्पट केलं की 6000 चा स्पीड निघतो, ते आकडे मी पाठच केले. माझ्या गाडीत दुसरा गिअर 120 च्या आधीच संपतो, म्हणून टोलनाक्यावरून निघताना 2 चा 3 लिमिटमध्ये राहूनच पूर्ण आरपीएमला जमतो. तिसरा तिथपर्यंत नेणं रस्त्यावर शक्य नाही, आणि करूही नये, त्यासाठी ट्रॅकच. आधी निदान वीस मिनिटं आरामात चालवायचं, कारण कूलंटचा काटा मधे आला म्हणजे ऑइल गरम झालं असं नाही, डिसेंबरच्या सकाळी तर माझा दुसरा गिअर पहिले काही किलोमीटर चिवटच असतो.

शिफ्ट करताना क्रम एवढाच, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोड, क्लच पूर्ण खाली, गिअर, क्लच वर, मग परत अ‍ॅक्सिलरेटर. अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवूनच गिअर टाकायची जी स्टाइल रीलमध्ये दिसते ती स्टॉक क्लचवर करू नका रे बाबा. आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडणं अजून एका कारणानं लागतं, इंजिन आडवं बसवलेलं असतं, फुल पॉवरमध्ये माउंटवर (इंजिन धरणाऱ्या रबरांवर) ते झुलतं, पाय सोडला की जागेवर येतं आणि गिअर लोण्यासारखा पडतो. 6500 पर्यंत ताणून काही मिळतही नाही, या इंजिनची पूर्ण पॉवर 5000 ते 6000 मध्ये आहे, टॉर्क 3500 नंतर उतरायलाच लागतो. मी 5800 ला बदलतो, तिसऱ्यात काटा 4000 च्या जरा खाली पडतो, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) तिथे पूर्ण जागा असतो.

3 चा 4 शिकायला एका ट्रॅक-डेला कोइंबतूरच्या कारी स्पीडवेला गेलो, 2.1 किलोमीटरचा ट्रॅक, नागपूरहून एनएच 44 धरून हैदराबाद, बंगळूर, सेलम. एवढा लांब? हो, आपल्याकडे ट्रॅक कुठे आहे. इन्स्ट्रक्टरनं वर जायच्या शिफ्टवर फार वेळ घातला नाही, म्हणाला हात ठीक आहे. सगळा वेळ गेला खाली येण्यात. पाचव्यातून चौथा घेताना हात आपल्याकडून मधे येतो, तो मधे थांबला नाही तर पुढे दुसराच आहे, आणि चौथ्यातून तिसरा ढकलताना डावीकडे सरकला तर थेट पहिला. म्हणून आधी ब्रेक, ब्रेकनं स्पीड एवढा उतरवायचा की चुकून असा खालचा गिअर पडला तरी इंजिन लाल पट्ट्यात जाणार नाही, आणि मगच गिअर. इंजिननं गाडी थांबवायची नाही, ब्रेक पॅड स्वस्त आहेत. हील-अँड-टो (एकाच पायानं ब्रेक दाबता दाबता अ‍ॅक्सिलरेटर देणं) मी अजून करत नाही, ब्रेकवर पाय एकसारखा राहत नाही तोवर करणार नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्या 45 डिग्रीत तर हे सगळंच बंद, तापलेल्या हवेत टर्बो तसाही अर्धमेला असतो.