प्लस-मायनस सप्लाय: बल्ब विझेपर्यंतची गोष्ट

ग्राउंडच्या वर प्लस आणि खाली मायनस, असे दोन्ही व्होल्टेज हवे तसे फिरवून देणारा पॉवर सप्लाय मी घरी बनवतोय. मागच्या नोंदीत मोठ्या थाटात लिहिलं होतं की प्लस बाजू चालू झाली, मायनस म्हणजे तेच उलटं, एका संध्याकाळचं काम. त्या संध्याकाळला आज तीन रविवार झाले.

सर्किट थोडक्यात सांगतो. १५-०-१५ व्होल्ट, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड), दोन्हीकडे ४७०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर. पुढे व्होल्टेज स्थिर ठेवणारे रेग्युलेटर आयसी: प्लसला एलएम ३१७ (२४० ओहम आणि ४.७ के, म्हणजे ४७०० ओहमचा पॉट, फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), मायनसला एलएम ३३७ (१२० ओहम आणि २.२ केचा पॉट). दोन्ही आयसी आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या पायांमध्ये १.२५ व्होल्ट धरून ठेवतात, बाकी सगळं रेझिस्टरांचं गणित. लोड नसताना कपॅसिटरवर दोन्हीकडे २३ व्होल्ट दिसतात. १५ चे २३ पाहून दचकू नका. १५ हा आरएमएस, म्हणजे एसीचा एक प्रकारचा सरासरी आकडा, शिखर २१ च्या वर जातं, आणि रिकामा ट्रान्सफॉर्मर वर छापलेल्यापेक्षा जास्तच देतो.

पहिला रविवार पायांनी खाल्ला. आयसीवरची अक्षरं आपल्याकडे धरली तर ३१७ चे पाय डावीकडून अ‍ॅडजस्ट, आउटपुट, इनपुट. ३३७ चे अ‍ॅडजस्ट, इनपुट, आउटपुट. डेटाशीट (कंपनीचा माहितीचा कागद) समोर उघडी होती, फक्त ती ३१७ ची होती. मायनसचा पॉट कितीही फिरवा, आकडा ढिम्म. मी आधी पॉट बदलला, मग १२० ओहम बदलला, मग कपाळावर हात मारून घेतला. नवा आयसी, पायांवर स्लीव्ह घालून अदलाबदल, आणि पॉट फिरवताच आकडा मुकाट्याने हलायला लागला.

खरा घोळ दुसऱ्या रविवारी, हीटसिंक बसवताना. ५ व्होल्टला अर्धा अँपिअर घ्यायचा तर, लोडवर २३ चे २२ धरून, आयसीवर १७ व्होल्ट उरतात, म्हणजे साडेआठ वॅट. एवढी उष्णता उघड्या आयसीला झेपत नाही. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास हिंडून एक काळाभोर, पंखांचा हीटसिंक आणला आणि दोन्ही आयसी शेजारी शेजारी बसवले. ३१७ चा टॅब (पाठीची धातूची पट्टी) आतून आउटपुटला जोडलेला असतो, ३३७ चा इनपुटला. तसेच उघडे बसवले तर प्लसचं आउटपुट थेट मायनसच्या कच्च्या २३ व्होल्टांवर जाऊन बसतं. हे ठाऊक होतं, म्हणून दोन्हींखाली वीज अडवणारा पण उष्णता जाऊ देणारा अभ्रक घातला, पेस्ट लावली, स्क्रू आवळले.

मेन्स (घरची वीज) देताना मी नेहमी सिरीजमध्ये ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब ठेवतो, म्हणजे कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि सर्किट वाचतं. एरवी तो कपॅसिटर भरताना क्षणभर चमकतो आणि विझतो. या वेळी लख्ख पेटला तो पेटलाच. ट्रान्सफॉर्मर गुरगुरायला लागला. बंद.

मीटर बीपवर लावला, दोन टोकं जोडलेली असली की तो वाजतो. एक प्रोब टॅबवर, एक हीटसिंकच्या पंखावर. बीप नाही. दुसरा आयसी, तरीही नाही. म्हणजे अभ्रक शाबूत, दोष सर्किटमध्ये. असं समजून ब्रिज काढला, तपासला, चांगला. आउटपुटवरचे उलटे डायोड काढले, चांगले. आयसी हीटसिंकवरून सोडवून मोकळे ठेवले की बल्ब गपगुमान विझायचा. पुन्हा बसवले की पुन्हा दिवाळी.

रात्री जेवण झाल्यावर, कंटाळून, एक प्रोब एका टॅबवर आणि दुसरा दुसऱ्या टॅबवर टेकवला. बीप! हीटसिंकचा काळा रंग म्हणजे नुसता रंग नव्हे, ते अ‍ॅनोडायझिंग, म्हणजे धातूवरच चढवलेला ऑक्साइडचा थर, आणि तो वीज वाहून नेत नाही. मी पंखावर प्रोब टेकवत होतो आणि मीटर खरंच बोलत होता: या काळ्या थरातून काही जात नाही. आतलं अ‍ॅल्युमिनियम मात्र दोन्ही स्क्रूंनी गाठलं होतं, कारण स्क्रूच्या भोकात, स्क्रूला टॅबपासून वेगळं ठेवणारे प्लॅस्टिकचे बुश घालायचे राहिले होते. अभ्रकाच्या पुडीतच होते ते, मी जास्तीचे वॉशर समजून डब्यात टाकले होते. बुश घातले, पंखाचं एक टोक कानशीने खरवडून चकचकीत केलं, तिथे प्रोब लावून दोन्ही टॅब तपासले. शांतता. मग मेन्स दिला, बल्ब एकदा चमकला आणि विझला.

तिसऱ्या रविवारी सप्लायवर ऑप-अँपचा (सिग्नल मोठा करणाऱ्या आयसीचा) छोटा हेडफोन अँप्लिफायर लावला तर कानात खरखर. मीटर उणे १२.०० वर स्थिर, पॉट शहाणा. शेवटी बाबांचा ट्रान्झिस्टर रेडिओ मीडियम वेव्हवर लावून बोर्डाजवळ नेला. आकाशवाणीच्या बातम्यांत शिट्टी घुसली, आणि मायनसचा लोड काढला की गेली. ३३७ ऑसिलेट होत होता, म्हणजे त्याचा आउटपुट आपोआप वेगाने वरखाली होत होता. ३१७ आउटपुटच्या कपॅसिटरशिवाय निभावून नेतो म्हणून मी मायनसलाही तो लावला नव्हता. ३३७ ला मात्र तो हवाच: टँटलम असेल तर १ मायक्रोफॅरड, साधा इलेक्ट्रोलिटिक असेल तर १०. आयसीच्या पायाशीच १० चा लावला, प्लस टोक ग्राउंडला. बातम्या स्वच्छ झाल्या.

मायनस आता तासभर अर्ध्या अँपिअरवर गुपचूप चालतो. गंमत म्हणजे त्याच्याशी ताडून पाहताना लाडकी प्लस बाजू उघडी पडली. १५ व्होल्टला अर्धा अँपिअर घेतला की ती १४.७ वर येते. तिथला २४० ओहम मी आयसीच्या पायाशी न लावता वीतभर रिबन वायरपलीकडे, टर्मिनलवर लावलाय. त्या वायरचे ०.०५ ओहमही १५ व्होल्टला बारापट (१५ भागिले १.२५) होऊन भोवतात, म्हणजे ०.६ ओहम आणि बरोबर ०.३ व्होल्टांची घट. उद्या तो रेझिस्टर उचलून आयसीच्या पायाशी आणतो. हीटसिंक पुन्हा सोडवावा लागेल. बुश या वेळी खिशात ठेवलेत.