रोजचा दीड तास आणि टीईटी

२०२५ च्या १ सप्टेंबरला आमच्याकडे गौरीपूजन होतं, मी पुरणपोळ्या लाटत होते आणि ओट्यावरचा फोन थरथरायचं काही थांबेना. पीठाच्या हाताने बघितलं तर शिक्षकांच्या सगळ्या ग्रुपवर एकच बातमी, सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त शिल्लक आहे त्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हावं लागणार. म्हणजे मलाही. मी ३००० रुपये मानधनावर शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा टीईटी हा शब्दसुद्धा नव्हता, महाराष्ट्रातली पहिली टीईटी झाली ती डिसेंबर २०१३ ला. पण आता ते बोलून उपयोग नव्हता आणि पोळी तर करपलीच.

सप्टेंबर महिना निव्वळ चर्चेत गेला. खरं सांगते, मी पण त्यातलीच. ग्रुपवर कोण म्हणतंय पुनर्विचार याचिका, कोण म्हणतंय मोर्चा, मी प्रत्येक मेसेज वाचायची आणि पुस्तक काही उघडायची नाही. फॉर्म भरला, पैसे भरले, आणि दसरा झाल्यावर एकदम लक्षात आलं की पेपर २३ नोव्हेंबरला आहे. १० ऑक्टोबरला मोजले तर ४४ दिवस.

आता माझा दिवस सांगते म्हणजे कळेल. शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. जाताना एसटीने चाळीस मिनिटं, येताना तेवढीच. शाळेत शिकवणं आहेच पण पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरणं, वरून आलेली "आजच्या आज" वाली लिंक हे पण आहे. घरी आल्यावर स्वयंपाक, सासूबाईंची औषधं. रात्री नऊनंतर पुस्तक घेतलं की दहा मिनिटांत मान खाली, हे दोन दिवसांत कळलं म्हणून रात्रीचा नाद सोडला. उरली पहाट. साडेचार ते सहा. लेक बारावी सायन्सला आहे, ती पण त्याच वेळी उठते, मग एकाच टेबलावर आम्ही दोघी, ती तिची ऑरगॅनिक केमिस्ट्री घेऊन आणि मी मुलांच्या विचारांची वाढ सांगणारा माझा मानसशास्त्रज्ञ पियाजे घेऊन.

तर दीड तास गुणिले ४४ म्हणजे ६६ तास. हा हिशोब मी आधीच करायला हवा होता कारण तोपर्यंत मी एक ऑनलाइन कोर्स घेऊन बसले होते ज्याचे व्हिडिओच १८० तासांचे होते! दुप्पट स्पीडने बघितले तरी ९० तास. पैसे गेले ते गेले, कोर्स बंद केला. ग्रुप पण म्यूट केले, तिथे रोज पीडीएफचा पाऊस, आणि डाउनलोड केलं की अभ्यास झाल्यासारखं वाटतं ही सगळ्यात मोठी फसगत आहे.

त्याऐवजी काहीही न वाचता जुना पेपर एक सोडवून बघितला. टीईटीचा पेपर सोपा मोजता येतो, १५० प्रश्न, १५० गुण, १५० मिनिटं, पाच विषय आणि प्रत्येकाला ३०. सलग अडीच तास कुठले मिळायला, तीन पहाटांत तुकडे करून सोडवला. लेकीने तपासला. मराठी २४, परिसर १८, गणित १७, बालमानसशास्त्र १२, इंग्रजी १०. एकूण ८१. खुल्या प्रवर्गाला पास व्हायला ९० लागतात. म्हणजे मी नऊ गुणांनी नापास, इतकी वर्षं शिकवून. त्या दिवशी शाळेत पोरांना चाचणीचे पेपर वाटताना जरा ओशाळल्यासारखं झालं.

पण ते आकडे समोर आल्यावर एक बरं झालं, काय करायचं नाही ते कळलं. मराठीला हात लावायचा नाही. इंग्रजीत मी आता काही शेक्सपियर होणार नाही, तिथे फक्त उताऱ्यावरचे प्रश्न पक्के करायचे. परिसर अभ्यासाला गाईड नकोच, शाळेत तिसरी-चौथीची पुस्तकं रोज शिकवतेच, फक्त पाचवीची आणून वाचली. गणित येत होतं पण वेळ खात होतं. खरी गळती बालमानसशास्त्रात, आणि तिथेच सगळ्यात स्वस्तात गुण मिळण्यासारखे होते.

ते पण सुरुवातीला डोक्यात जाईना. शिकणं कसं होतं ते शोधायला प्रत्येकाने वेगळ्या प्राण्यावर प्रयोग केलेले, थॉर्नडाइकचं मांजर, पाव्हलॉवचा कुत्रा, स्किनरचा उंदीर, कोहलरचा चिंपांझी, अरे ही जत्रा आहे की सर्कस. त्यात पियाजेने सांगितलेल्या मुलांच्या वाढीच्या अवस्थांची मराठी नावं प्रत्येक गाईडमध्ये वेगळी. एका पुस्तकात पूर्वक्रियात्मक, दुसऱ्यात प्राक्-संक्रियात्मक, मला वाटलं दोन वेगळ्या अवस्था आहेत!

मग एक दिवस शाळेतच केलं. दोन सारखे ग्लास, सारखं पाणी, पहिलीच्या पोरांना विचारलं सारखंच ना, ते म्हणाले हो. त्यांच्यासमोर एका ग्लासातलं पाणी उंच बारीक बाटलीत ओतलं. आता जास्त कशात? पहिलीची सगळी एका सुरात "बाटलीत!" आणि मागून तिसरीतलं एक कार्टं हसत, "मॅडम, तेच पाणी हाय की, फकस्त वतलंय." पियाजेच्या दोन ते सात आणि सात ते अकरा वर्षं या दोन अवस्था माझ्या एकाच खोलीत पुढच्या-मागच्या पट्टीवर बसल्या होत्या. त्यानंतर ते मला पाठ करावं लागलं नाही. वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञाचं समीपस्थ विकासाचं क्षेत्र, म्हणजे पोराला एकट्याला जमत नाही पण कुणी मदत केली की जमतं ते, पण तसंच, चौथीतली मुलगी दुसरीतल्याला हातचा शिकवते तेव्हा तेच चाललेलं असतं, आपण त्याला फक्त "जरा दाखव गं याला" म्हणतो.

एसटीत वाचलं की मला मळमळतं. मग जे पाठच करायचं होतं ते, म्हणजे कोण काय म्हणालं, कोहलबर्गचे नैतिक विकासाचे तीन स्तर, गार्डनरने सांगितलेले बुद्धिमत्तेचे प्रकार, असलं सगळं स्वयंपाक करता करता माझ्याच आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि जाता-येता इअरफोनवर ऐकलं. हे तास मी ६६ मध्ये धरलेच नव्हते, फुकटात मिळाले.

दिवाळीत सुट्टी होती पण पाहुणे पण होते. फराळ या वर्षी अर्धा विकतचा आणला, सासूबाईंना आवडलं नाही, पण बोलल्या नाहीत काही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा सलग अडीच तास बसून पेपर दिला, १०१ आले. त्यातच क्रम ठरवला, आधी मराठी, परिसर, मग मानसशास्त्र, इंग्रजी, हे सगळं दीड तासात उरकायचं आणि गणिताला शेवटी पन्नास मिनिटं ठेवायची. निगेटिव्ह मार्किंग नाही त्यामुळे उत्तरपत्रिकेतला एकही प्रश्न गोल न रंगवता सोडायचा नाही, राहिलेली दहा मिनिटं त्यासाठीच. गोल रंगवायची प्रॅक्टिस पण करा हं, हसू नका, लेक म्हणाली आई तू गोलाच्या बाहेर जातेस.

पेपरच्या दिवशी शेजारच्या बेंचवर एक मुलगी होती, माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल, तिला वाटलं मी पर्यवेक्षक आहे, उठूनच उभी राहिली. गणितात सहा-सात प्रश्न अंदाजे रंगवले. घरी येऊन मोजलं तर खात्रीचे ९५ च्या आसपास वाटतायत, पण उत्तरसूची आल्याशिवाय खरं नाही.

आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एक मॅडम पुढच्या वेळी बसणार आहेत, त्या गाईड मागतायत. निकाल लागू दे मग देते म्हटलं, लागलंच तर मलाच लागेल परत. रेकॉर्डिंग मात्र पाठवली सगळी, मधे मधे कुकरच्या शिट्ट्या आहेत तेवढ्या ऐकून घ्या म्हणाले.