साठ गुंठे हरळी आणि 114 दिवसांची फाईल

गवत वाढवणं अवघड नाही. हरळी आपल्याच मातीतली. बांधावरून उपटून फेकली तरी पहिल्या वळवाला पुन्हा डोकं वर काढते, म्हणून तर शेतकरी तिच्या नावानं बोटं मोडतो. फुटबॉलच्या मैदानभर ती पसरवायला मला एक पावसाळा पुरला. पण ती मुळं धरेपर्यंत त्या मैदानात कुणी मांडव घालणार नाही, एवढी एक ओळ सरकारी कागदावर लिहून घ्यायला 114 दिवस गेले. तीन वर्षं झाली त्याला. अजूनही नगरपरिषदेच्या कार्यालयाच्या जिन्यावर पाय ठेवला की माझं डोकं तापतं. दुसऱ्या कुणाचे तेवढे दिवस जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. पंधरा वर्षं गोलकीपर म्हणून खेळलो, आता सकाळी पोरापोरींना शिकवतो. आमच्या भागात फुटबॉल काय आहे हे ज्यानं कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दोन तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना पाहिलाय त्याला सांगायला नको. 2017 ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून उतरला आणि आमच्याकडची लहान लहान पोरं बूट मागायला लागली. मैदान मात्र मुरमाचं. मुरमावर डाईव्ह मारली की कोपराचं सालटं निघतं. दोनदा निघालं की पोरगं तिसऱ्यांदा डाईव्ह मारत नाही, पाय पुढं करतं. चांगले कीपर असे माझ्या डोळ्यांदेखत वाया गेले. गवताचा ध्यास मी त्यासाठी घेतला.

मैदान नगरपरिषदेच्या मालकीचं, 100 मीटर लांब, 60 रुंद, म्हणजे साठ गुंठ्यांच्या आसपास. आम्ही जुन्या खेळाडूंनी वर्गणी काढली, ट्रॅक्टर लावून वरचा दगड वेचला, मधोमध उंची ठेवून दोन्ही बाजूंना फूटभर उतार दिला, पोयट्याची माती आणि शेणखत मिसळलं. हे सगळं महिन्याभरात झालं आणि त्यात सांगण्यासारखं फार नाही. एवढंच सांगतो, नुसती काळी माती आणून टाकू नका. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि त्या भेगेत पोराचा घोटा जातो. काचेच्या बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवायचं आणि रात्रभर ठेवायचं. वाळू खाली बसते, वर गाळ, त्याच्यावर चिकणमाती. चिकणमातीचा थर जाड दिसला तर वाळू मिसळल्याशिवाय पुढं जायचं नाही.

आता फाईल.

हरळीच्या कापलेल्या काड्या लावल्यावर मैदान किमान 90 दिवस बंद हवं. हरळी जमिनीवरून आडवी धावते, पेरापेराला मुळं सोडते. त्या कोवळ्या मुळांवर एक मांडव पडला, त्याचे खुंट ठोकले गेले, खाली चार दिवस अंधार झाला, की संपलं. हरळीला सावली सोसत नाही. आणि आमचं मैदान वर्षभर भाड्यानं जातं: प्रदर्शन, सभा, दिवाळीआधी फटाक्यांचे स्टॉल. म्हणून 4 एप्रिल 2022 ला आम्ही अर्ज दिला. पावसाळ्यात लागवड करणार आहोत, तेव्हापासून दिवाळी सरेपर्यंत मैदान कुणाला देऊ नये, एवढीच मागणी. सोबत नकाशा, गवताची माहिती, खर्चाचा तपशील, खेळाडूंच्या सह्या. अर्ज जितका भरगच्च तितकं काम लवकर होईल असं मला वाटलं होतं. नेमकं उलटं झालं.

एप्रिलअखेर गेलो. "फाईल फिरतीये," खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या. मे महिन्यात पाच वेळा गेलो. एकदा साहेब मीटिंगला, एकदा साहेब जिल्ह्याला, एकदा साहेब होते पण फाईल दुसऱ्या टेबलाला. एका साहेबांनी मला बसवून घेतलं, चहा दिला आणि मनापासून विचारलं, "गवत तर पावसात आपोआप येतंय की. त्याला परवानगी कशाला?" मी त्यांना कोपर दाखवलं. वीस वर्षांपूर्वीचा व्रण आहे. ते बघून ते गप्प झाले आणि म्हणाले, "बघू, करून घेऊ." जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचाच निरोप आला की शुक्रवारपर्यंत पत्र मिळतंय, तुम्ही तयारी करा.

मी तयारी केली. 20 जूनला रोपवाटिकेतून हरळीच्या काड्यांची 42 पोती आली. पत्र आलं नव्हतं. मंगळवारी गेलो, तर मैदान जुलैमध्ये पंधरा दिवस एका विक्री प्रदर्शनाला दिल्याची पावती फाटलेली. लावू तर मांडवाखाली मरणार, न लावू तर पोत्यात मरणार.

ज्यानं पोत्यात हात घातला नाही त्याला कळणार नाही. कापलेल्या काड्या दाबून भरल्या की आतून तापतात. तिसऱ्या दिवशी मी पोतं उघडलं तर वाफ आली, शेणखतासारखी. मधल्या काड्या पिवळ्या पडून चिकट झालेल्या. शेजारच्या मळ्यातले अण्णा आले, त्यांनी वास घेतला आणि एवढंच म्हणाले, "पोरा, सांडून टाक, पसर, माझं वाफं रिकामं हाय." रात्री अकरापर्यंत आम्ही पंधरा-सोळा जण, त्यात सातवी-आठवीच्या पोरी, टॉर्च लावून त्यांच्या भाजीच्या वाफ्यांत काड्या पसरत होतो, वर माती ओढत होतो. निम्म्या जगल्या. उरलेली पोती मी उकिरड्यावर नेऊन ओतली. त्या एकेका पोत्यामागं कुणाची तरी वर्गणी होती. त्यातली एक आमच्या जुन्या बॅकनं, म्हणजे बचावाला खेळणाऱ्यानं, पेन्शनमधून दिलेली.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा, पत्र हातात आल्याशिवाय काड्या मागवू नका. तोंडी शब्दावर तर नाहीच.

त्याच आठवड्यात मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, साधा कागद. "काम का झालं नाही" असं विचारायचं नाही, त्याला उत्तर मिळत नाही. विचारायचं ते असं: आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक, या अर्जावर आजवर लिहिल्या गेलेल्या सर्व टिपण्यांच्या प्रती द्याव्यात, आणि फाईल कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर होती ते सांगावं. कायद्यानं 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 19 जुलैला आलं. अडीच पानं. 18 एप्रिलला फाईल बांधकाम विभागाकडे "तांत्रिक अभिप्रायासाठी" गेलेली, आणि त्यापुढं काही नाही. तीन महिने एक अक्षर नाही. कारण आम्ही अर्जाच्या विषयात लिहिलं होतं "मैदान विकास व गवत लागवडीबाबत." विकास म्हटलं की अंदाजपत्रक आलं, अंदाजपत्रक आलं की दरसूची आली, आणि त्यांच्या दरसूचीत सपाटीकरण होतं, हरळी नव्हती. दर लिहिता येईना म्हणून अभिप्राय लिहिता येईना. आम्ही नगरपरिषदेकडे एक रुपयाही मागितला नव्हता! ते अर्जाच्या चौथ्या पानावर लिहिलं होतं. तिथपर्यंत कुणी गेलंच नाही.

20 जुलैला नवा अर्ज दिला, एका पानाचा. विषय: "मैदान दि. 15 नोव्हेंबरपर्यंत आरक्षणासाठी बंद ठेवणेबाबत." पहिली ओळ: "नगरपरिषदेवर कोणताही खर्च नाही." विभाग: मालमत्ता. सोबत देखभाल आमची, असं हमीपत्र. 27 जुलैला सही-शिक्क्याचं पत्र मिळालं. सात दिवस! ते पत्र हातात घेऊन मी जिन्यावरच बसलो. आनंद झाला म्हणवत नाही, कारण मृगाचा आणि आर्द्रेचा पाऊस गेलेला होता. मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, "सर, पहिल्यांदाच असं दिलं असतं तर." त्यांचं खरं होतं. पण 18 एप्रिलनंतर एकदा जरी कुणी तोंड उघडून हे सांगितलं असतं, तर ती पोती उकिरड्यावर गेली नसती.

अर्ज दिल्यावर आपल्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. हे वर लिहायचं राहिलं. तो क्रमांक नसता तर माहितीचा अर्ज कशाच्या आधारावर करणार होतो?

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात लागवड केली. अण्णांच्या वाफ्यातलीच हरळी खणून, वीतभर अंतरानं ओळी, दोन पेरं मातीत आणि शेंडा वर, मग हलका रूळ. आभाळ झाकलेलं होतं म्हणून पसारा हळू झाला. जूनमध्ये लावली असती तर दसऱ्याला जमीन दिसली नसती, आम्हाला दिवाळीला पाऊण मैदान झाकलेलं मिळालं. जानेवारी 2023 ला पहिला सामना खेळवला.

खताचं विचाराल तर वाढीच्या महिन्यांत गुंठ्याला एक किलो युरिया, म्हणजे साऱ्या मैदानाला पंचेचाळीस किलोचं एक पोतं आणि वर पंधरा किलो. दोन हप्त्यांत विभागून, कोरड्या पानावर टाकायचा आणि लगेच पाणी. ओल्या पानावर पडला तर पान भाजतं.

पाण्याचा हिशोब आधी करा. साठ गुंठ्यांवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे 6,000 लिटर. उन्हाळ्यात आठवड्याला 25 मिलिमीटर धरलं तर दीड लाख लिटर, दहा हजारांचे पंधरा टँकर. अण्णांची विहीर नसती तर आमचं मैदान पहिल्याच एप्रिलला जळालं असतं. रोज शिंपडू नका. आठवड्यातून दोनदा, पण चांगलं खोलवर द्या, म्हणजे मुळं खाली जातात. गवतावरून चालल्यावर पावलाचा ठसा तसाच राहिला आणि रंग निळसर करडा दिसला, की पाणी मागतंय.

कापणी 25 ते 30 मिलिमीटरवर ठेवतो. उंची कितीही वाढलेली असो, एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापायचं नाही. खांद्यावरच्या कटरनं आम्ही पहिल्यांदा कापलं आणि जागोजागी टक्कल पडलं. ढकलायचं यंत्र घ्या, पातं धारदार ठेवा. बोथट पात्यानं पान फाटतं, दुसऱ्या दिवशी मैदान पांढुरकं दिसतं.

हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी. ऊसवाल्यांना वेगळं सांगायला नको. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात वरच्या गोलजवळ गवत पिवळं पडलं, मी पाणी वाढवत बसलो. अण्णांनी मूठभर गवत ओढलं, गालिच्यासारखं वर आलं, मुळंच नव्हती. खाली पांढऱ्या अळ्या. आता वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडेच्या बाभळी-कडुनिंबावर हुमणीचे भुंगेरे जमतात तेव्हा फांद्या हलवून ते गोळा करतो, रॉकेलच्या पाण्यात टाकतो. शिवाय जूनमध्ये शेणखतात हुमणीला मारणारी मेटारायझियमची बुरशी मिसळून टाकतो. गवत पिवळं दिसलं की आधी ओढून बघा, मग पाणी.

सगळ्यात जास्त झीज गोलसमोर. दर पंधरा दिवसांनी दाताळ्या काट्यानं वीतभर अंतरावर भोकं पाडतो, चार बोटं खोल, आणि त्यात चाळलेली वाळू झाडतो. सगळ्या मैदानावर पाच मिलिमीटर वाळू द्यायची तर साडेदहा ब्रास लागेल, ती ऐपत नाही, म्हणून दोन गोल आणि मधलं वर्तुळ एवढंच. कीपरांचा सराव बाजूच्या पट्ट्यात. पाणी साचलं असेल तर खेळ बंद, कितीही मोठा पाहुणा संघ आला असला तरी. आखणीला चुन्याची फक्की मारत होतो, तिनं रेषेखालचं गवत जळालं. आता पाण्यात कालवायचा रंग वापरतो.

बंदचं पत्र एका वर्षापुरतंच असतं. मी आता जानेवारीतच अर्ज देतो, तोच एका पानाचा, तोच विषय, तारीख तेवढी बदलून. यंदाचं पत्र मार्चमध्ये आलं. येत्या रविवारी खालच्या गोलसमोर काड्या लावायच्या आहेत, अण्णांनी वाफा राखून ठेवलाय. आमची नववीतली कीपर सकाळी सहाला खुरपं घेऊन येणार आहे. मागच्या महिन्यात तिनं उजवीकडं झेप घेऊन पेनल्टी अडवली, उठली, कोपर झटकलं. नुसती हिरवी माती लागली होती.