आवृत्तीचा आकडा

कायदा, वैद्यक, संगीत आणि अभिजात साहित्य यांची कपाटे ग्रंथालयात शेजारी शेजारी असली, की माझी नजर पुस्तकाच्या नावाआधी आवृत्तीच्या आकड्याकडे जाते. वैद्यकात हा आकडा जितका मोठा, तितका वाचकाचा विश्वास अधिक. हेन्री ग्रे यांचे शरीररचनेवरील पुस्तक १८५८ मध्ये निघाले. तीनच वर्षांत, वयाची पस्तिशीही गाठण्याआधी, ते देवीच्या रोगाने गेले. पण दुसऱ्यांच्या हातून त्यांच्या पुस्तकाच्या चाळीसहून अधिक आवृत्त्या झाल्या. साहित्यात नेमके उलटे घडते. तिथे संग्राहक पहिल्या आवृत्तीसाठी जीव टाकतो आणि नव्या आवृत्तीत नवी असते ती फक्त प्रस्तावना, जी मूळ संहितेच्या कितीतरी आधी म्हातारी होते.

कायद्याचे पुस्तक या दोहोंच्या मध्ये कुठेतरी अडकलेले असते. एका दुरुस्तीने त्यातली पानेच्या पाने निकामी होतात, हे खरे. परंतु जुन्या व्यवहाराचा वाद पुष्कळदा त्या काळी लागू असलेल्या कायद्यानुसारच सोडवावा लागत असल्याने, जाणता वकील जुनी आवृत्ती सहसा रद्दीत घालत नाही.

जुन्या वैद्यकग्रंथावर विसंबून कोणी औषध घेऊ नये, पण तो वाचायला काहीच हरकत नाही. किंबहुना उपयोग संपल्यावरच त्याची खरी गोडी कळते, असे माझे मत आहे. रने लेनेक या फ्रेंच डॉक्टरांनी १८१६ मध्ये कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले आणि १८१९ मध्ये छातीतल्या आवाजांवर ग्रंथ लिहिला. ध्वनिमुद्रण अस्तित्वातच नसल्यामुळे प्रत्येक आवाज त्यांना शब्दांत पकडावा लागला. ते बासरी वाजवत, हे कळल्यावर मला मुळीच नवल वाटले नाही.

संगीताच्या छापील पुस्तकाची अडचणही तीच, फक्त उलट्या दिशेची: तिथे कागदावरून आवाज परत मिळवायचा असतो. १५०१ मध्ये व्हेनिस येथे ओत्ताव्हियानो पेत्रुची यांनी छपाईच्या सुट्या खिळ्यांनी अनेक आवाजांच्या रचना छापल्या. त्यासाठी एकच कागद एकाहून अधिक वेळा यंत्रातून काढावा लागे. त्याच वर्षी, त्याच शहरात, आल्दुस मनुतियुस यांनी रोमन कवी व्हर्जिलचे काव्य हातात मावेल अशा आकारात काढले. ते काव्य एकट्याला वाचता येई. पेत्रुचींच्या पुस्तकाला मात्र गाणारी चार माणसे जमेपर्यंत वाट पाहावी लागे.

नियतकालिकाला आवृत्तीच नसते, म्हणून ते मला अधिक प्रामाणिक वाटते. टॉमस वॅकली या शल्यचिकित्सकाने १८२३ मध्ये सुरू केलेले वैद्यकीय साप्ताहिक 'द लॅन्सेट' घ्या किंवा दुसरे कोणतेही. अंकात राहिलेली चूक त्या अंकात कायमची राहते आणि तिची दुरुस्ती पुढच्या अंकात, बहुधा कुणाच्या तरी संतप्त पत्रातून येते. बांधीव खंडांत मी आधी ही पत्रेच वाचतो. वाद रंगात येतो, दोन्ही पक्ष सभ्य भाषेत एकमेकांची अक्कल काढतात, आणि नेमका तिथेच खंड संपतो. पुढचा मागायला जावे, तर तो कुणीतरी आधीच नेलेला असतो.