बसच्या बदल्यात गेलेला गायक

मंगळवार, सकाळ

वृद्धाश्रमातली रात्रपाळी करून आत्ताच घरी आलेय. डोळे चुरचुरताहेत, पण झोप नाही. बेलफास्टमध्ये मे महिन्यात साडेपाचलाच लख्ख उजाडतं. पडदा कितीही ओढा, कडेनं उजेड आत येतोच.

पहाटे पावणेपाचला चार नंबरच्या खोलीतल्या आजोबांची बेल वाजली. धावत गेले. या वयात पहाटेची बेल म्हणजे छातीत दुखतंय नाहीतर बाथरूमच्या वाटेवर पडलेत, दोन्हीपैकी एक. आजोबा मात्र पलंगावर ताठ बसलेले आणि हातात कॅसेट. टेपरेकॉर्डरनं टेप खाल्ली होती. हातभर तपकिरी टेप बाहेर लोंबत होती आणि ते माझ्याकडे असे बघत होते, जणू टेपरेकॉर्डर मीच बनवलाय.

खिशातलं षटकोनी बॉलपेन काढलं, कॅसेटच्या दातऱ्यात घातलं आणि हळूहळू गुंडाळत गेले. एके ठिकाणी टेपला पीळ पडला होता, तो नखानं सरळ केला. मिरजेला आमच्या घरी हे काम माझ्याकडेच असायचं. आण्णांना तेवढा धीर नव्हता, ते सरळ कात्री घ्यायचे. आजोबांनी सगळा वेळ श्वास रोखून धरलेला. झाल्यावर म्हणाले, "तुमच्याकडेही टेपा अडकतात तर!"

मग वाजवून बघितली. आवाज अगदी बारीक ठेवला होता, शेजारच्या खोलीतल्या बाई जाग्या झाल्या असत्या. गिटार, मागे ती रडवेली स्टील गिटार आणि वर एक पुरुषी आवाज. जाड, खालच्या पट्टीत निवांत बसलेला, कसलीही घाई नसलेला. श्रीमंताघरची काचेची झुंबरं, भिंतीवरची चित्रं आणि त्या घरात निघून गेलेली ती, असं काहीतरी गाणं. माझ्या डोळ्यांसमोर लगेच माणूस उभा राहिला. उंच, गोरा, डोक्याला मोठी हॅट, मागे घोडा. कॅसेटवर बॉलपेननं नुसतं 'सी. पी.' लिहिलेलं. नाव विचारलं तर म्हणाले, "चार्ली प्राइड. माहीत नाही? मग तू या देशात करतेयस काय?"

बसस्टॉपवर मोबाइलवर शोधलं. फोटो उघडला तर काळा माणूस. हसरा, दणकट आणि काळा.

मीसुद्धा! म्हणजे कुणाला काय बोलायचं?

गुरुवार, सुट्टी

काल आणि आज मिळून त्याची जवळजवळ साठ गाणी ऐकली. कपडे धुताना, कांदा चिरताना, सगळा वेळ. त्याच्याबद्दल वाचलंही बरंच.

जन्म 1934 चा, अमेरिकेत मिसिसिपीतल्या स्लेज गावचा. अकरा भावंडं, बाप दुसऱ्याच्या शेतात वाट्यानं कापूस करणारा. घरी फिल्को कंपनीचा रेडिओ होता आणि बापाला 'ग्रँड ओल ऑप्री'चा नाद. नॅशव्हिलहून लागणारा तो कंट्री गाण्यांचा कार्यक्रम. कंट्री म्हणजे तिकडची गावाकडची गाणी, गोऱ्यांची मानली जाणारी. पोरगा कापूस वेचता वेचता तीच गाणी म्हणायचा. चौदाव्या वर्षी गिटार घेतली, पण व्हायचं होतं बेसबॉलपटू. काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगमध्ये तो बॉल टाकायचा. एकदा त्याच्या संघाला प्रवासासाठी बस हवी होती. जुनी, वापरलेली. संघानं याला आणि आणखी एकाला दुसऱ्या संघाच्या हवाली केलं आणि बस घेतली.

हे वाचून मी कांदा चिरायची थांबले. आमचे चार नंबरचे आजोबा आयुष्यभर बस ड्रायव्हर होते. त्यांना हे माहीत असणारच.

पुढे तो माँटानात गेला, शिसं वितळवायच्या कारखान्यात कामाला. कारखान्याच्याच संघातून खेळायचा आणि सामन्याआधी गायचा, गाण्याचे वेगळे पैसे मिळायचे. तिथून नॅशव्हिल. आरसीए या रेकॉर्ड कंपनीत चेट ॲटकिन्स होता, स्वतः नावाजलेला गिटारवादक. त्यानं टेप ऐकली, पसंत केली आणि कंपनीच्या वरच्या साहेबांना ऐकवली. माणूस काळा आहे हे त्यांचं ऐकून झाल्यावर सांगितलं. 1966 च्या सुरुवातीला पहिली रेकॉर्ड निघाली. रेडिओ स्टेशनांना रेकॉर्ड पाठवताना सोबत गायकाचा फोटो द्यायची पद्धत. याचा फोटो पाठवलाच नाही. लेबलवर नाव छापलं 'कंट्री चार्ली प्राइड', म्हणजे उगाच कुणाला शंका नको.

पहिल्या दोन रेकॉर्ड्सची लोकप्रिय गाण्यांच्या यादीत डाळ शिजली नाही. तिसरी, 'जस्ट बिट्वीन यू अँड मी', 1967 मध्ये नवव्या क्रमांकापर्यंत गेली. तोवर लोकांच्या कानांना आवाज ओळखीचा झाला होता. डेट्रॉइटच्या मोठ्या कार्यक्रमात निवेदकानं नाव पुकारलं, टाळ्यांचा कडकडाट झाला, हा स्टेजवर आला आणि टाळ्या विरत विरत पार बंद पडल्या. हजारो माणसं गप्प. त्यानं काय केलं, तर माझा हा कायमचा रापलेला रंग घेऊन मी इथे कंट्री गायला आलोय, जरा वेगळंच आहे खरं, असा विनोद केला आणि गायला लागला. लोक हसले, मग ऐकत बसले.

मला तो विनोद आवडला नाही. विनोद चांगलाय, पण तो त्यालाच का करावा लागला? स्टेजवर आलेल्या गोऱ्या गायकाला आपल्या कातडीबद्दल आधी हसवावं लागत नाही. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, तेही सांगता येत नाही. बहुतेक मीही हसवलंच असतं. इथे आल्यावर पहिलं वर्षभर पाळी संपताना हँडओव्हर देताना मी बोलले की समोरून "काय म्हणालीस?" यायचं. तेव्हा मीच आधी म्हणून टाकायची, "माझं इंग्रजी मिरजेहून आलंय, त्याला जरा उशीर होतो." सगळे हसायचे, काम पुढे जायचं. माझं उलटं होतं एवढंच. चेहरा, युनिफॉर्म सगळं चालायचं, आवाजापाशी गाडी अडायची. चार्लीचा आवाज पोचला होता, चेहरा मागून यायचा होता.

1969 मध्ये त्याचं 'ऑल आय हॅव टू ऑफर यू (इज मी)' बिलबोर्ड साप्ताहिकाच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याआधी 1944 मध्ये लुई जॉर्डन. मध्ये पंचवीस वर्षं एकही काळा गायक तिथे नाही. पण एकदा दार उघडल्यावर या माणसानं ते बंदच होऊ दिलं नाही. ओळीनं सहा गाणी पहिल्या क्रमांकावर, 1971 पर्यंत. त्याच वर्षी बेन पीटर्सनं लिहिलेलं 'किस अॅन एंजल गुड मॉर्निन्' आलं, पाच आठवडे वरून हललं नाही आणि पॉपच्या यादीतही एकविसावं आलं. कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातला सर्वोत्तम कलाकार तोच. सत्तरच्या दशकात आरसीएच्या रेकॉर्ड्स विकण्यात एल्विस प्रेस्ली सोडला तर याची बरोबरी करणारं कुणी नव्हतं. 1983 च्या 'नाइट गेम्स'पर्यंत पहिल्या क्रमांकाची गाणी झाली 29. पहिल्या दहांतली पन्नासच्या वर.

आणि पुन्हा दार बंद. पुढचा काळा गायक त्या जागी पोचला तो 2008 साली, डॅरियस रकर. पुन्हा पंचवीस वर्षं! 25 चा हा पाढा मला फार खटकला. एक माणूस 29 वेळा वर जातो आणि मागे शिडी उरत नाही, हे कसं काय?

रविवार

आण्णांना व्हिडिओ कॉल केला. त्यांचा चेहरा कधीच दिसत नाही, फोन कपाळाला लावूनच बोलतात. मी सगळी गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "बिलबोर्ड म्हणजे आपली बिनाका गीतमालाच की गं."

मग अर्धा तास गीतमाला. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन, अमीन सयानी आणि ती पायदानं. आण्णांच्या गल्लीत रेडिओ एकाच घरी. पोरं ओट्यावर बसून पाटीवर खडूनं आकडे लिहायची. कुठलं गाणं वर गेलं, कुठलं घसरलं. दुकानांतली रेकॉर्डची विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांचं मत, त्यावर क्रमांक लागायचे. म्हणजे हिशेब तसाच. अमेरिकेतही दुकानांत काय खपलं आणि रेडिओवर काय वाजलं, यावरच यादी. मिरजेच्या ओट्यावरच्या पोरांना कुणी विचारत नव्हतं, ती नुसती लिहून घ्यायची.

"तुमचं आवडतं गाणं पहिल्या पायदानावर आलं होतं का हो आण्णा?"

"आठवत नाही," म्हणाले. "भांडणं आठवतात."

सोमवार, मध्यरात्रीनंतर

औषधांची ट्रॉली फिरवून झाली. आजोबा जागेच. मी मोठ्या ऐटीत माझी माहिती काढली, 29 पासून सुरुवात. ते थंडपणे म्हणाले, "आणि माझं गाणं त्यात कितवं?"

'क्रिस्टल शँडेलिअर्स'. ती झुंबरांची कॅसेट. मी शोधलं होतं, म्हणून उत्तर माहीत होतं. कुठेच नाही. टेड हॅरिसनं लिहिलेलं ते गाणं चार्लीनं 1967 च्या 'द कंट्री वे' या अल्बममध्ये गायलं, पण अमेरिकेत ते सिंगल म्हणून काढलंच नाही. सिंगल नाही तर यादीत कुठून येणार? आणि इकडे आयर्लंडात त्याचं नाव काढलं की लोक आधी तेच गाणं गुणगुणतात. लग्नाच्या हॉलमध्ये तेच, पबमध्ये तेच, कुणाच्या मयतानंतर जमलेल्या लोकांतही तेच.

आजोबा खूश. "नॅशव्हिलवाल्यांना कळत नव्हतं," असा निकाल दिला.

मग 1976 चं सांगायला लागले. हे मी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. उत्तर आयर्लंडात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातल्या संघर्षाचे दिवस, बेलफास्टमध्ये तेव्हा रोज स्फोट. आदल्याच वर्षी, जुलै 1975 मध्ये, मायामी शोबँड या इथल्याच वाद्यवृंदाची गाडी रात्री रस्त्यात अडवून तिघा वादकांना ठार मारलं होतं. त्यानंतर बाहेरचे कलाकार इकडे फिरकेनात. जिम एकन नावाच्या आयोजकानं चार्ली प्राइडला गळ घातली आणि तो आला. रिट्झ सिनेमात गायला. "दोन्हीकडची माणसं एका छपराखाली," आजोबा म्हणाले. त्यांचा दोन्हीकडची हा शब्द मला आता समजतो. पहिल्या वर्षी समजत नव्हता. नंतर हळूहळू इतरही कलाकार यायला लागले.

"तुम्ही गेला होता?"

"मी बस चालवत होतो. बहीण गेली होती." थोडं थांबून, "आमच्या बस तेव्हा पळवून न्यायचे आणि रस्त्यात आडव्या घालून जाळायचे. रात्रीच्या फेरीला कुणी तयार नसायचं. सुट्टी मागायची सोय नव्हती." बहिणीनं घरी येऊन सगळी गाणी म्हणून दाखवली. तिचा आवाज अगदी वाईट, असंही सांगितलं. त्यांच्या हिशेबी कार्यक्रम तेवढाच झाला, स्वयंपाकघरात, बहिणीच्या बेसूर गळ्यातून.

मी बसच्या अदलाबदलीचं काढलं. माहीत होतंच. त्यांची आवडती गोष्ट ती. "एक गोष्ट मात्र कुणीच लिहीत नाही," म्हणाले. "बस कशी होती? गिअरबॉक्स धड होता का?"

मी इतकी हसले की शेजारच्या बाईंनी बेल दाबली. त्यांना पाणी दिलं, उशी सारखी केली आणि परत आले.

एक गोष्ट त्यांना सांगायची राहिली होती. नोव्हेंबर 2020 मध्ये चार्लीला नॅशव्हिलमध्ये जीवनगौरव दिला. 86 वर्षांचा माणूस, जिमी अॅलन नावाच्या तरुण काळ्या गायकासोबत 'एंजल' गायला. महिन्यानं, 12 डिसेंबरला, कोविडनं डॅलसमध्ये गेला. तो डिसेंबर मला आठवतो, याच कॉरिडॉरमधला. मास्क, व्हायझर, प्लॅस्टिकचा एप्रन. ज्यांना मी रोज खाऊ घालत होते त्यांना महिनोन् महिने माझे फक्त डोळे दिसत होते आणि माझा तो मिरजेचा आवाज. सात नंबरच्या आजी तर म्हणायच्या, "ती बोलली की कळतं, तीच आली." तेव्हा मी त्याचा कधी विचारच केला नव्हता.

आजोबांना हे सांगणार होते, पण ते कधीच झोपले होते. टेपरेकॉर्डर चालूच होता आणि आवाज जड होत होता. आधी वाटलं टेप पुन्हा अडकतेय. मग लक्षात आलं, सेल उतरलेत. चार्लीचा आवाज खाली खाली जात पार घोगरा झाला, एखाद्या थकलेल्या बैलासारखा, आणि मध्येच थांबला. मी बटण दाबून बंद केला.

येताना मोठे सेल आणायचेत, चार. बारीक चालत नाहीत त्याला.